आक्काचे बारा किलो

डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट एकावर एक नीट ठेवले आणि माझ्या बहिणीकडे पाहत म्हणाले, "रक्तगट जुळतोय. बाकीच्या तपासण्याही चांगल्या आहेत. अडचण एकच, तुमचं वजन. या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही. धोका तुम्हालाच आहे."

"किती कमी करू?" आक्काने विचारलं.

"बारा किलो तरी."

"बरं," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती बाकावर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बिनसाखरेचा चहा कसा लागत असंल रे भाऊ?"

तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. अंबडच्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासायचं माझं काम. रक्तदाबाच्या गोळ्या मी कित्येक वर्षं आठवण झाली तर घेतल्या, नाही तर नाही. त्याची शिक्षा म्हणून दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दिवसाला मोजून एक लिटर पाणी, तेही चहा-आमटी धरून. भाज्या चिरायच्या, उकळायच्या, पाणी ओतून द्यायचं आणि उरलेला चोथा फोडणीला टाकायचा. केळं, नारळपाणी, टोमॅटो सगळं बंद. बायको किडनी द्यायला तयार होती, पण तिच्या तपासणीत साखर निघाली. त्यापुढे कुणाला विचारायला माझं तोंड उघडेना. आक्काला तर मी विचारलंच नव्हतं. ती एका सकाळी दाजींच्या मोटारसायकलवर बसून दिंडोरीकडून आली, हातातली मेथीची जुडी बायकोकडे दिली आणि म्हणाली, "माझी तपासून बघा."

आक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तिची द्राक्षबाग आहे. दिवसभर ती मजूर बायांच्या बरोबरीने उभी असते, तरी अंगाने जाड. लोकांना याचं नवल वाटे, मला नाही. मी तिचं जेवण पाहिलेलं होतं. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं, पातेल्यात राहिलेलं वाया जायला नको म्हणून स्वतःच्या ताटात घ्यायचं, आणि दिवसातून सहा वेळा सगळ्यांबरोबर गोड चहा.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला कागद लिहून दिला. वयाने बाई अगदी लहान, आमच्या पुतणीएवढ्या. भाकरी किती, डाळ किती, चहा किती, चालायचं किती, हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आणि मावशी, आठवड्यातून एकदा तुमच्या आवडीचं थोडं काहीतरी खायला हरकत नाही."

"ते कशाला?" मीच मध्ये बोललो. "सहा दिवस पाळायचं आणि सातव्या दिवशी बुडवायचं?"

बाई हसल्या. "काका, पाळणाऱ्या त्या आहेत. त्यांना ठरवू दे."

आक्काने थोडा विचार केला. "गोडीशेव," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी. मूठभर."

गोडीशेव म्हणजे बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात घोळवलेली. आमच्याकडच्या आठवडी बाजारात परातीत ढीग लावून विकतात. लहानपणी वडील बाजारातून आले की आम्ही दोघं आधी पिशवीतली ती पुडी शोधायचो.

दुसऱ्या दिवसापासून आक्का पहाटे उठून बागेच्या बांधावरून चालायला लागली. सगळ्यांच्या आधी जेवायला बसायची, आणि ताटात घेतलं त्यापुढे काही घ्यायची नाही. वजन करायला ती पॅकिंग शेडमधल्या, द्राक्षांच्या क्रेट तोलायच्या काट्यावर उभी राहायची. मजूर बाया भोवती जमायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायच्या. दर सोमवारी फोनवर तो आकडा मला कळायचा. त्र्याऐंशीपासून सुरुवात होती. पोळ्याच्या सुमारास अठ्ठ्याहत्तर झाले. बावन्नाव्या वर्षी, शेतातली आणि घरातली सगळी कामं करून, एक शब्द कुरकुर न करता.

एवढं चांगलं चाललेलं असताना मी ते बिघडवलं.

त्या आठवड्यात डायलिसिसच्या वेळी माझ्या पिंडऱ्यांत असे गोळे आले होते की मी ओरडलो होतो. ऊन होतं, तहान लागायची, आणि मी बर्फाचा खडा चघळून दिवस काढत होतो. बायको म्हणाली, आक्काकडे जाऊन येऊ, तुम्हाला बरं वाटेल. गेलो. बाजाराचा दिवस होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. आक्का ओट्यावर बसली होती. मांडीवर कागदाची पुडी उघडलेली. एकेक शेव उचलून ती सावकाश खात होती, डोळे अर्धवट मिटून. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते पाहून मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

"आक्का," मी म्हणालो, "माझ्यासाठी एवढंही सुटत नाही का तुला?"

तिचा हात तसाच थांबला. दाजी आत जात होते ते दारातच उभे राहिले. बायकोने माझ्या पाठीला हात लावला, पण शब्द तर सुटून गेला होता. आक्काने पुडी मिटली आणि बागेतून परतणाऱ्या एका मजूर बाईच्या हातात दिली.

"चुकलं माझं," ती मला म्हणाली. "आता नाय खाणार."

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "असं बोलायला नको होतं." मी मात्र स्वतःचीच समजूत घालत होतो. आमच्या कारखान्यात केसाइतका फरक पडला तरी तुकडा बाद होतो. इथे तर जिवाचा प्रश्न. मी काय चुकीचं बोललो?

आक्काने गोडीशेव सोडली, आणि तिथे थांबली नाही. मोजून मिळणारा चहा सोडला, संध्याकाळची भाकरी सोडली. सुरुवातीला आकडा भराभर उतरला आणि मला वाटलं, बघा, माझंच खरं होतं. पुढे ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली. एका दुपारी ती बागेतच चक्कर येऊन खाली बसली. हे मला दाजींनी सांगितलं. तिने सांगितलं नाही. "चिडचिड लय वाढलीय तिची," दाजी म्हणाले. "बायांवर ओरडती. आधी कधी ओरडली नव्हती." मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतर दाजींच्या भाचीचा साखरपुडा कळवणला होता. आम्ही गेलो नव्हतो. सोमवारी आक्काचा फोन आला, तो जरा उशिरा. पंच्याहत्तर, म्हणाली. पुढच्या सोमवारीही पंच्याहत्तर. त्याच्या पुढच्या सोमवारी फोन आलाच नाही.

डिसेंबरमध्ये दवाखान्यात तपासणी होती. आक्का काट्यावर चढली. आकडा आला एकोणऐंशी.

"काटा बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"काटा बरोबर हाय," आक्का म्हणाली आणि तिथे उभ्याउभ्याच रडायला लागली. आई गेल्यानंतर मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं. काट्यावरून उतरायचंही तिला सुचलं नाही. बायकोने हाताला धरून तिला खुर्चीत बसवलं.

हळूहळू तिने सगळं सांगितलं. साखरपुड्याला मंडपामागे आचारी जिलब्या काढत होते. ती पाणी मागायला तिकडे गेली आणि उभ्याउभ्या पाच-सहा जिलब्या खाल्ल्या. कुणी बघत नव्हतं. घरी आल्यावर वाटलं, बुडालंच आता. दुसऱ्या दिवशी डब्यातले लाडू, तिसऱ्या दिवशी आणखी काही. प्रत्येक वेळी दार लोटून. वजन करायला शेडकडे जायची तिला भीती वाटू लागली, म्हणून तिने मला जुनाच आकडा सांगितला.

"मी खोटं बोलले भाऊ," ती म्हणाली. "तुझ्या जिवाशी खोटं बोलले."

आहारतज्ज्ञ बाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी जुना कागद काढला आणि विचारलं, "मावशी, तुमचा बाजाराचा दिवस चालू आहे ना?"

"बंद हाय," आक्का म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही. तिने घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मी बंद करायला लावला," मी म्हणालो.

बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, मी ते त्यांचे लाड करायला लिहिलं नव्हतं."

खाली उपाहारगृहात आम्ही तिघं बसलो. मी आक्काची माफी मागितली, पण ती मला नीट जमली नाही. मी पुन्हा समजावण्याच्या सुरात गेलो. म्हटलं, मी एवढं सगळं सोडलंय, म्हणून मला वाटलं की तुलाही तसंच...

"तुझं नि माझं एक नाय," तिने मला थांबवलं. तिचे डोळे अजून लाल होते, पण आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता. "तू केळं खाल्लंस तर तुझ्या जिवावर बेतंल. तुला मुभा नाय. मी मूठभर शेव खाल्ली तर मला काय व्हतंय? मला सहा दिवस नाय म्हणायचं असतं. सकाळी नाय, दुपारी नाय, कुणाच्या घरी गेलं तरी नाय. एक दिवस मी व्हय म्हणायचे, म्हणून बाकीचे दिवस मला नाय म्हणता यायचं. आणि ते मी ठरवून खायचे, सगळ्यांसमोर. चोरून खाल्लेलं मोजता येत नाय भाऊ. किती खाल्लं ते माझं मलाच कळंना."

माझी बहीण आठवीपर्यंत शिकली आहे. माझं एवढं दुखणं, माझे रिपोर्ट, माझे फाईलमधले तक्ते यांतून मला जे कळलं नव्हतं ते तिने पाच मिनिटांत सांगितलं. बायको म्हणाली, "आता यांचं ऐकू नका आक्का. यांना फक्त मापं घेता येतात." आक्का हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी कारखान्यातून रजा घेतली, बाजारातून गोडीशेव घेतली आणि आक्काच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिने मूठभर काढून घेतली, बाकीची मजूर बायांना वाटून टाकली. खाताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मीही मुद्दाम बागेकडे बघत बसलो. द्राक्षांचे मणी अजून बारीक होते, बाया कात्र्या घेऊन घडांची विरळणी करत, जास्तीचे मणी काढत होत्या.

त्यानंतर वजन भराभर उतरलं असं मी म्हणणार नाही. ते फार हळू उतरलं. संक्रांतीला तर अर्धा किलो वाढलंही. तो आकडा आक्काने स्वतः फोन करून सांगितला, "तीळगूळ नडला," आणि पुढच्या आठवड्यात तो वसूल केला. द्राक्षांची तोडणी सुरू झाली तेव्हा पहाटेपासून शेडमध्ये गर्दी असायची, व्यापारी, गाड्या, क्रेट. तरी ती अंधारातच उठून आपलं चालणं उरकून यायची. मी तिच्या जागी असतो तर म्हणालो असतो, हंगाम संपू दे, मग बघू. ती म्हणाली नाही. कुणी तिच्यावर पहारा ठेवला नव्हता. मी तर सोमवारचा आकडा विचारणंही बंद केलं होतं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी फोन वाजला. पलीकडून दहा-बारा बायांचा एकदम गलका. कोण काय बोलतंय कळेना. शेवटी आक्काने फोन हिसकावून घेतला असावा. "एकाहत्तर," ती धापा टाकत म्हणाली. "या बाया मला काट्यावरून उतरूच देईनात. तीनदा बघितलं. एकाहत्तर."

मी फोन बायकोच्या हातात दिला आणि म्हटलं, तूच ऐक.

कागदपत्रं, परवानग्या, पुन्हा तपासण्या यांत महिना गेला. ऑपरेशनच्या सकाळी आम्हा दोघांना शेजारी-शेजारी स्ट्रेचरवर झोपवलं होतं. तिला आधी नेणार होते. मी म्हणालो, "आक्का, अजूनही नको वाटत असेल तर सांग. मी कुणाला दोष देणार नाही."

"गप रे," ती म्हणाली. "एवढी चालले ती काय घरी परत जायला?"

आणि वॉर्डबॉयला म्हणाली, "चला हो."

किडनीने टेबलावरच काम सुरू केलं. मला चार दिवस वेगळ्या काचेच्या खोलीत ठेवलं होतं, कुणाला आत येता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी काचेबाहेर आक्का दिसली. एका हाताने भिंत धरलेली, मागे नर्स काळजीने हात पसरून उभी. दवाखान्याचा तो हिरवा झगा तिला इतका सैल होत होता की तिने एका बाजूने तो मुठीत धरला होता. माझं लक्ष गेलेलं पाहून तिने झगा आणखी ओढून दाखवला, बघ किती उरतोय. मग गाल आत ओढून लग्नातल्या नवरीसारखी मान वळवली. मी हसलो. टाक्यांतून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण हसू थांबेना. नर्स तिला ओढून परत नेत होती आणि ती जाता जाता मला खुणेने दटावत होती, हसू नको, टाके तुटतील.

आता दीड वर्ष झालं. दोघंही बरी आहोत. आक्काचं वजन पुन्हा दोन किलो वाढलंय, ती त्याच्या मागे आहे, आणि या वेळी तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोघी बांधावरून चालतात. त्यांतली एक परवा मला विचारत होती, "भाऊ, तुमच्या बहिणीला एवढं कसं जमलं?"

मी म्हणालो, "तिलाच विचारा. मी मध्ये बोललो की बिघडतं."