निंबाच्या वर गेलेला पतंग

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी मस्कतला ड्युटीवरून आल्यावर रोज वाचतो, लिहायची हिंमत आज करतोय. शिक्षण आठवी, तीही अर्धवट. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

भित्रा मी लहानपणापासून आहे. गॅस बंद केला का ते दोनदा उठून बघणारा. पण भीती वेगळी आणि विश्वास वेगळा. भुताखेतावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आज आहे का ते तुम्हीच सांगा. माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. काही विचित्र झालं की मी आधी वायर बघतो, आणि बहुतेक वेळा घोळ वायरचाच निघतो. फक्त एकदा वायर बघितली आणि घोळ आणखीच वाढला...

आमचं गाव जालना जिल्ह्यात, राजूरपासून जवळ. धाकटी बहीण सुली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलणंही नव्हतं. तिला अंबडकडच्या एका निवासी शाळेत घातलं. शाळेचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला त्रास नको. तिथं एक बाई होत्या. जाड चष्मा, हसऱ्या. मुलांच्या खुणांमध्ये बाईंचं नाव म्हणजे दोन बोटांनी चष्म्याची काडी वर सारायची.

बाईंकडे एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्यावर डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातला, एक छोटा प्रोग्राम. पडद्यावर खाली पतंग, बाजूला हिरवं निंबाचं झाड. लेकराने माईकमध्ये आवाज काढला की पतंग चढायचा, थांबला की उतरायचा. ज्याला ऐकू येत नाही त्याला आपला आवाज डोळ्यांनी दिसायचा! सुलीने आयुष्यात पहिल्यांदा ‘आई’ म्हटलं ते या पतंगापायी. पतंग निंबाच्या वर गेला की तो दोन हिसके द्यायचा — खाली-वर, खाली-वर — आणि सुली खिदळायची. मला वाटायचं, प्रोग्रामच तसा असेल.

२००३ च्या दिवाळीच्या सुट्टीत बाई वारल्या. हार्ट अटॅक. शाळा उघडली आणि लाईटच्या झटक्यात तो जुना कॉम्प्युटरही गेला. पोरांना बाईंचा हार घातलेला फोटो दाखवला, समजावलं. पण सुली रोज त्या बंद पडद्यासमोर जाऊन बसायची, चष्म्याची खूण करायची आणि हात उताणे करून विचारायची, कुठंय? आवाज काढणं तिने सोडूनच दिलं. आई भेटायला गेली तर ओठ घट्ट मिटून नुसती बिलगली. नवे सर म्हणाले, “आवाज वापरला नाही तर मूल तो विसरतं. पुन्हा आणणं फार अवघड जातं.”

आई परतीच्या एसटीत खिडकीशी बसली. राजूर फाटा आला तेव्हा म्हणाली, “बबन, तू तं मशीनीचंच काम करतो ना रे?”

मी तेव्हा जालन्याला इसाकभाईंच्या दुकानात होतो. या माणसाने मला झाडू मारायला ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हर हातात दिला. आज खातोय ती भाकरी त्यांचीच.

शाळेला नवा कॉम्प्युटर भेट मिळाला होता, पण त्याच्या विंडोजमध्ये तो प्रोग्राम उघडला की लगेच बंद व्हायचा. त्याला खरंखुरं डॉस हवं होतं. बाईंच्या कपाटातून प्रोग्रामच्या फ्लॉप्या मिळाल्या, पण नव्या मशीनला फ्लॉपीची जागाच नव्हती. मंग दुकानातल्या जुन्या मशीनवर बूट फ्लॉपी, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करून देणारी फ्लॉपी, बनवायची आणि तिची नक्कल सीडीच्या सुरुवातीला चढवायची, म्हणजे कॉम्प्युटर सीडीलाच फ्लॉपी समजून डॉसमध्ये उठतो. लिहायला सोपं आहे! पहिल्या सीडीला नुसता काळा पडदा. पुढच्या सीडीत डॉस आलं तर सीडी ड्राईव्हच दिसेना, ड्राईव्ह ओळखायला लावणारी ड्रायव्हरची ओळ मी लिहायला विसरलो होतो. मंग प्रोग्राम उठला, लेकराचं नाव विचारलं आणि तिथंच अडकला. त्याला ते नाव लिहून ठेवायचं होतं, आणि सीडीवर लिहिता येत नाही.

“अरे मियाँ,” इसाकभाई म्हणाले, “सीडी भाजून राह्यला का भाकरी?”

“भाई, जल्दी होईल. खर्चा पगारातून कापा.”

“चूप बैठ. बहन का काम है. और भाज.”

वाया गेलेल्या सीड्या आईने ज्वारीत पाखरांसाठी टांगल्या. शेवटी मेमरीतच एक तात्पुरती ड्राईव्ह बनवून प्रोग्राम तिच्यावर कॉपी करायला लावला, आणि पतंग दिसला. माईक मात्र चालेना. प्रोग्रामला जुनं साऊंड कार्ड लागायचं आणि नव्या बोर्डात ते बसवायची खाचच नव्हती. डॉसच्या लेखी तो कॉम्प्युटर ठार बहिरा होता. फक्त कीबोर्डवरचा बाण दाबला की पतंग हलायचा.

रविवारी दुपारी आईला घेऊन शाळेत गेलो. जीव घाबरा. स्वयंपाकाच्या कमलमावशींना बाजूला घेऊन सांगितलं, “मावशी, माईक बंद आहे. मी गुपचूप बटन दाबणार. लेकराला फसवल्यासारखं होतंय...”

मावशी हसल्या. “येडा का काय तू? बाईबी तेच करीत व्हत्या. लेकराचा आवाज पुरला न्हाई की हळूच वरचा बाण. अन् वर गेला की खालच्या बाणानं दोन हिसके. मला म्हन्ल्या व्हत्या, कमल, कोनाला सांगू नको.”

म्हणजे ते हिसके बाईंचे होते.

सीडी घातली, डॉस उठलं, सुलीचं नाव टाईप केलं. पतंग आला. पडद्यावर खिडकीचं ऊन पडत होतं म्हणून मी सगळं मशीन ओढून तिच्याकडे वळवलं. माईक तिच्या हातात दिला, पिन मागे नुसती देखाव्याला खोचली. आई आणि मावशी दाराशी. तिला लालूच दाखवायला बाण दाबला... पतंग जागचा हलेना. परत दाबला. काहीच नाही. हँग झालं बहुतेक! सुलीने माझ्याकडे बघितलं आणि माईक खाली ठेवला. मी दोन्ही हात डोक्याला लावून बसलो.

तेवढ्यात पतंग बोटभर वर उचलला आणि खाली टेकला. कुणी हळूच बोलावावं तसा.

सुली ताठ झाली. माईक उचलला. “आ...” पतंग चढला. तिचा दम संपला, पतंग उतरला. परत “आ... ई!” जोरात, चिरका, पण चक्क आई. पतंग निंबाच्या वर गेला. आणि तिथं — खाली-वर, खाली-वर — दोन हिसके.

सुली खिदळली. दोन बोटांनी चष्म्याची काडी वर सारली. या वेळी हात उताणे केले नाहीत.

“म्हन्ली! बबन, आई म्हन्ली!” आई दारातच खाली बसली. मावशींनी पदर डोळ्यांना लावला होता.

मी सवयीने मशीनच्या मागे वाकलो. कीबोर्डची गोल पिन बाहेर लोंबत होती. मशीन ओढताना निघाली असणार. म्हणूनच माझं बटन लागत नव्हतं. माईक बहिरा, कीबोर्ड सुटलेला... मंग पतंग चढवला कुणी?

पिन लावून, परत सुरू करून, नंतरही कितीतरी वेळा तपासलं. बाण दाबला तरच पतंग हलतो. माईकवर तो परत कधीच हलला नाही. सर तीच सीडी लावून, बाण दाबूनच मुलांचा सराव घ्यायचे. पण सुलीचा आवाज सुटला तो सुटलाच.

इसाकभाईंना सांगितलं तर म्हणाले, “बिना वायर के? चाय पी और घर जा.” मंग शटर ओढता ओढता थांबले. “दो हिसके... बराबर दिए?”

“बिलकुल, भाई.”

त्यांनी शटरला कुलूप लावलं. मला आजही कारण सापडलेलं नाही. इथं जाणकार आहेत, कुणाला सुचलं तर जरूर लिहा. नाही सुचलं तरी माझं काही म्हणणं नाही. बाईंचे आभार मानायचे राहिले होते, ते इथं मानतो.

आता शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा मी घरी फोन लावतो. सुली फोन तोंडाशी धरून “दा-दा” म्हणते. मी काय बोलतो ते तिला ऐकू येत नाही, म्हणून आई दुसऱ्या बाजूने फोनला कान लावून बसते. मी इकडं हसलो की आई हात वर नेऊन तिला दाखवते, पतंग चढला म्हणून. मंग फोनच्या त्या टोकाला खिदळणं ऐकू येतं... तसंच, त्या दुपारसारखं.