आबांचं अमेरिकेतलं बिल

“ताई, आपलं बिल कथा अडकनं?”

धरणगावहून आबांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट बिल कुठे अडकलं. आबा म्हणजे आमच्या टीममधल्या वैशालीचे सासरे. आणि बिल म्हणजे अमेरिकेच्या संसदेत आलेला कायद्याचा प्रस्ताव. शेतात कपाशी वेचणीला आलेली असताना हा माणूस अमेरिकेच्या संसदेवर डोळा ठेवून होता.

त्याला कारण होतं. जळगावातलं आमचं ऑफिस अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांचं काम करतं. सकाळी येणाऱ्या पेशंटचा विमा चालू आहे का, एवढं आम्ही तपासून देतो. त्यांचा दवाखाना उघडतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ असते, आणि तेव्हाच आमची शिफ्ट सुरू व्हायची. घोळ पुढे आहे. ते लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात परत मागे आणतात. त्यांनी काटा मागे फिरवला की आमची शिफ्ट तासभर उशिरा सुरू व्हायची आणि तासभर उशिरा सुटायची.

बाकीच्यांचं निभतं. वैशालीचा नोकरीतला हा पहिलाच हिवाळा, तिचं निभणार नव्हतं. उन्हाळ्याच्या वेळेत तिला धरणगावची शेवटची बस मिळायची. हिवाळ्यात बस गेलेली असणार. नवरा सुरतला, आबांना अंधारात मोटारसायकल चालवताना दिसत नाही. म्हणजे काटा मागे गेला की तिची नोकरी गेली. पोरगी टीममधली सगळ्यात चलाख. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

आशा एकच. वर्षभर उन्हाळ्याचीच वेळ ठेवायची, काटे फिरवायचेच नाहीत, असं ते बिल म्हणत होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला ते एका सभागृहात पास झालं तेव्हा आमच्या पाटील सरांनी ऑफिसभर पेढे वाटले.

“सर, दुसरं सभागृह बाकी आहे,” मी म्हटलं.

“अगं, होईल गं! तू पेढा खा.”

खाल्ला. बिल मात्र दुसऱ्या सभागृहात जे जाऊन बसलं, ते हलेचना. दिवाळी झाली. काटे फिरायचा शनिवार आला.

वैशालीच्या निरोपाला आबांनी सगळ्या ऑफिसला शेतात भरीत पार्टीला बोलावलं. निरोपाला कोणी असं हसतमुखाने वाढत नाही, पण आबांचा स्वभावच तसा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकली होती. पाटील सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वांगी उलटत होते आणि धुराने डोळे पुसत होते. धुरानेच, असं त्यांचं म्हणणं.

तेवढ्यात वैशालीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. लिंडाबाई! दवाखान्याच्या मॅनेजर. निरोप द्यायला फोन केला होता बिचारीने. वैशालीने कॅमेरा शेकोटीकडे फिरवला आणि आबा मध्ये घुसले.

“बाई, तुमनं बिल कव्हय पास व्हई?”

लिंडाबाईंना काही कळेना. बिल कधी पास होणार असं विचारतायत, हे मी इंग्रजीत सांगितलं. त्यांना वाटलं, म्हातारबाबा गंमत करतायत. मग मी बस, काटा, आबांचे डोळे, सगळं एका दमात सांगून टाकलं. पाटील सर मागून हातवारे करून नको नको म्हणत होते. मी बघितलंच नाही.

लिंडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पण तुम्हाला दवाखाना उघडल्यावरच काम सुरू करायला सांगितलं कोणी?”

“तुमची पद्धत आहे ना?” मी विचारलं.

“छे! ते पहिल्या दिवशी तुम्हीच ठरवलंत. मी तर तासभर आधीच येऊन बसलेली असते. दार उघडायच्या आत काम तयार मिळालं तर मला हवंच आहे. सोमवारपासून करता का?”

 मग एकेकाची मान पाटील सरांकडे वळली. सर चिमटा हातात घेऊन उभे.

“मला वाटलं, वेळ बदलून मागितली तर क्लायंट काम काढून घेईल,” सर पुटपुटले. “मोठी माणसं. कसं विचारायचं?”

“सर!” वैशाली एवढी जोरात ओरडली की बांधावरची गाय उठून उभी राहिली. रडत होती की हसत होती, कळेना. मी तिला मिठीच मारली.

आबांना इंग्रजी कळलं नव्हतं. “काय व्हयनं?” ते विचारत राहिले. वैशालीने कानात सांगितलं. आबांनी टोपी काढली, परत घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मंग बिल पास व्हयनं! चला, बठ्ठा जन जेवाले बसा!”

त्या दिवशी मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या किती भाकरी खाल्ल्या ते विचारू नका. सरांनी परत पेढे आणले, ते मी या वेळी मागून घेतले.

वैशाली आता टीम लीडर आहे आणि हिवाळ्यातही शेवटच्या बसला खिडकीत बसून घरी जाते. अमेरिकेत अजून काटे मागेपुढे होतात. तिकडे फिरले की इकडे आबांच्या शेतात भरीत होतं, हा आता ऑफिसचा रिवाजच आहे. नवीन येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते: क्लायंटला विचारा. फार तर नाही म्हणेल. परक्या देशाचा कायदा बदलण्यापेक्षा ते सोपं पडतं.