तळतळाटावर उतारा

आत्या आमच्या दारावर माती फेकून गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून ठेवली, म्हणून कापडी पिशवीत दोन लुगडी घालून ती कुंभकोणमला माहेरी आली होती. नेमकी दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पाहायला चिदंबरमहून मंडळी यायची होती.

अप्पा उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "आज नको. टाकलेली बाई घरांत दिसली तर पोरीचं जमेल का? तिचं ठरूं दे, मग ये."

"मग म्हणजे केव्हां, अण्णा?"

अप्पांनी दाराची एक फळी पुढे ओढली. अम्मा त्यांच्यामागून पाहत होती. आत्या पायरी उतरली. दारापुढे काढलेल्या रांगोळीच्या पिठासकट तिने मूठभर माती उचलली आणि आमच्या दारावर फेकली. "ह्या घरची लेक सुखाने नांदायची नाही!"

शाप तिने मराठीत दिला. आमचं एकच घर मराठी, गल्ली सगळी तमिळ, शब्द कोणाला कळले नसतील. पण आमच्या मुलखात बाईने दारावर माती फेकली की तिचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. समोरच्या बाईने पटकन आपलं दार लावून घेतलं.

अम्माने दार धुतलं, पायरी सारवली. दुसऱ्या दिवशी मंडळी आली, खाऊनपिऊन, अक्काला पसंत करून गेली. त्याच महिन्यात लग्न झालं. आत्याला कोणी बोलावलं नाही.

अक्काचा नवरा मारायचा. अक्का पहिल्यांदा ओठ सुजवून आली तेव्हा अम्माने तिला जवळ घेतलं, गरम सांबारभात वाढला आणि डोळे पुसत म्हणाली, "तिचा तळतळाट भोंवला गो." त्यानंतर आमच्या घरात जावयावर कोणी रागावल्याचं मला आठवत नाही. रागवायला आत्या होती. अक्का आली की चार दिवस तिचे लाड व्हायचे, पाचव्या दिवशी अप्पा बसचं तिकीट काढून द्यायचे.

मी कॉलेजात गेले त्या वर्षी अक्काची कुंडली दाखवायला अप्पा मला आणि अम्माला घेऊन एका ज्योतिषाकडे गेले. म्हातारा, चष्मा कपाळावर चढवलेला. कुंडली न उघडताच तो म्हणाला, "बाईचा शाप आहे." आमच्या गल्लीतल्या कोणाकडून तरी त्याच्या कानावर आलं असणार, पण अम्मा हात जोडूनच बसली.

"नुसत्या शब्दांनी शाप लागत नाही," त्याने तमिळमध्ये समजावलं. "पोट जळून, आतून तळतळून दिला असेल तरच लागतो. आणि ज्याने पोट जाळलं त्याला लागतोच असं नाही. त्याच्या पोरांना लागतो."

मी विचारलं, "चूक एकाची आणि मार दुसरीने खायचा?"

"तसंच असतं, पोरी."

मग त्याने परिहार, म्हणजे शापावरचे उतारे, सांगितले. नऊ शुक्रवार पट्टीश्वरमच्या दुर्गेपुढे लिंबाच्या सालीत तुपाचे दिवे लावायचे. सवाष्णींना जेवू घालायचं. "आणि जिने शाप दिला ती जिवंत असेल तर तिचे पाय धरून क्षमा मागा. तेवढं केलंत तर बाकीचं नाही केलं तरी चालेल."

घरी येताना अप्पा म्हणाले, "धाकट्या बहिणीचे पाय मी धरायचे?" तेवढं वगळून आम्ही सगळं केलं. लिंबं पिळून पिळून अम्माच्या बोटांची सालं निघाली.

दिव्यांचे शुक्रवार संपत आले होते तेव्हा अक्का आली. डावा हात गळ्यात बांधलेला. ह्या खेपेला ती रडली नाही. "मला परत पाठवूं नका," एवढंच म्हणाली.

"थोडं थांब. परिहार पुरा होऊं दे," अम्मा म्हणाली. "मग सगळं ठीक होईल."

"तोंवर इथेच राहतें."

"लोक काय म्हणतील?" अप्पा म्हणाले, आणि पाचव्या दिवशी स्वतः जाऊन तिला चिदंबरमच्या बसमध्ये बसवून आले.

ती चिदंबरमला पोचलीच नाही. वाटेत तिरुप्पनंदाळ लागतं. आत्या तिथे एका खोलीत राहून अप्पळम लाटायची, म्हणजे उडदाचे पापड. अक्का तिथे उतरली आणि विचारत विचारत तिने आत्याचं घर शोधून काढलं.

कळल्यावर अम्माने छाती पिटली. "शापाच्या तोंडांत जाऊन बसली!" आता अप्पांना पाय धरण्याची घाई झाली. साडी, फळं, हळदकुंकू घेऊन आम्ही तिघं गेलो. आत्या ओल्या पिठाच्या हातांनीच बाहेर आली. इतक्या वर्षांनी भावाला दारात पाहूनही तिचा चेहरा जराही हलला नाही. अक्का मागे बसून एका हाताने पापड उलटत होती.

अप्पा वाकले. अर्ध्यात थांबले. पाय काही त्यांनी धरले नाहीत, गुडघ्याला हात लावून परत सरळ झाले. "झालं गेलं विसर," ते म्हणाले. "दिलेला शाप काढून घे. पोरीचं भलं होईल."

"काढतें. मग हिला कोठे नेशील?"

"तिच्या घरी. चिदंबरमला."

आत्याने अक्काकडे पाहिलं, मग साडीच्या ताटाकडे. "तर मग असूं दे शाप," ती म्हणाली, आणि ताट आमच्याकडे सरकवून आत गेली.

बसमध्ये अप्पा घरी पोचेपर्यंत तिला शिव्या देत होते. मी मात्र त्यांच्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसले.

अक्का परत आली नाही. तिचा हात वाकडाच राहिला. अप्पा गेले तेव्हा दोघी आल्या, बाहेर उभं राहून दर्शन घेतलं आणि गेल्या. आत्या दोन वर्षांपूर्वी वारली. आमच्या घरातून मी एकटी गेले. प्रेताला पाणी अक्काने घातलं.

बाराव्याच्या दिवशी अम्मा रिक्षा करून त्याच ज्योतिषाच्या मुलाकडे जाऊन आली. शाप देणारी गेली की शाप संपतो, असं त्याने सांगितलं. तेव्हा अम्माला गुडघ्यांनी धड उठवत नव्हतं, आणि मी दिवसभर नोकरीवर असायचे. तिने माझ्याकडून अक्काला फोन लावून घेतला.

"शाप फिटला गो," अम्मा म्हणाली. "आतां तूं घरी ये. मला तरी कोण आहे?"

अक्काचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता. ती रागावली नव्हती. "मंदिराच्या जेवणावळीचे अप्पळम द्यायचे आहेत," ती म्हणाली. "ऊन आहे तोंवर वाळवून घेतें."

मग तिने फोन ठेवला. इकडे अम्मा आमचा फोन कानाला लावून बसून होती.