उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

मी एका मुलाची वाचा घालवली होती. पुढे ती परत आली, आणि अशी आली की तो दिवस आठवला की आजही मान ताठ होते. पण घालवली होती मीच, हे आधी सांगतो. एवढे कबूल करायला मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

जुन्नरच्या इंग्रजी शाळेत मी तेव्हा इंग्रजी पहिलीला शिकवत असे. मराठी चौथी संपवून आलेली अकरा-बारा वर्षांची मुले. तोवर इंग्रजी म्हणजे शब्द पाठ करणे आणि भाषांतर. मी स्वतः असाच शिकलो होतो. पुस्तक वाचता येई, पण बोलता येत नसे. त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास वरून हुकूम आला की पहिलीपासून मुलांना इंग्रजी बोलायला शिकवा, त्या तासाला वर्गात मराठी नको. मी मंचरचा, पंचविशीतला, हुकुमापुढे एक पाऊल जास्तच टाकणारा. सुताराकडून वीतभर फळी करून आणली, तिला दोरी ओवली, वर चुन्याने 'गाढव' लिहिले. जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात ती, दुसरा सापडेपर्यंत. फळीचे हुकुमात काही नव्हते. ती कल्पना माझी.

पहिल्या दिवशी मी पुस्तक वर धरून विचारू लागलो, "व्हॉट इज धिस?" पुढच्या बाकावरच्यांनी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिले. मग पाळी आली डोंगरातल्या घाटघरच्या एका मुलाची. तो जुन्नरला मामाकडे राहत असे. मामा हिरड्याच्या वखारीत हमाल. मुलाने पुस्तकाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मनापासून काळजीने विचारले, "मास्तर, तुमाला दिसत न्हाई व्हय?"

वर्गात एकच हशा उसळला. मागून कागद बनवणाऱ्यांच्या मोहल्ल्यातला एक मुलगा ओरडला, "मास्तरांना चष्मा आणा राव!"

मराठी दोघेही बोलले होते. पण मला राग आला होता तो पहिल्याचा. मी फळी त्याच्या गळ्यात घातली. बाकीची मुले सावध झाली, कोणी मराठीचा शब्द काढीना. त्यामुळे दुसरा सापडला नाही आणि फळी सहा दिवस त्याच्याच गळ्यात राहिली. रोज सकाळी तो आपण होऊन ती खुंटीवरून काढी आणि घालून बसे. मी ते पाहत होतो.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. इंग्रजी नाही, मराठीही नाही. होळी झाली तरी तेच. हेडमास्तर एकदा वर्गावर येऊन म्हणाले, "हा मुका आहे की मठ्ठ? परीक्षेपर्यंत तोंड उघडले नाही तर नाव काढून टाका. उगाच जागा अडवतो." हा मुका मी केला, असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "होय, साहेब."

चैत्रात तो यायचाच बंद झाला. मी वखारीत जाऊन मामाला गाठले. पाठीवरचे पोते खाली टाकून मामा म्हणाला, "हिरडा काढाया गेलाय घरी. आन् खरं सांगू का मास्तर, त्यो आता यायचा न्हाई. पयलं निस्ती चिवचिव व्हती त्याची, झोपंतबी बोलायचा. आता घरीबी गप. काय झालंय, सांगत न्हाई. तुमाला ठावं हाय का?"

"नाही," मी म्हणालो. ते दुसरे खोटे.

त्याचे नाव काढण्याआधी हेडमास्तर आठ दिवस थांबायला तयार झाले, त्यापुढे नाही. मी त्यातल्या शेवटच्या दोन दिवसांची रजा टाकली आणि घाटघरची वाट धरली. रात्री वाटेतल्या एका देवळात मुक्काम केला. तिथे बसून माफीची दहा-बारा वाक्ये जुळवली.

सकाळी पोचलो तेव्हा तो अंगणात पसरलेले हिरडे हाताने वरखाली करत होता. मला पाहताच उठून उभा राहिला, आणि त्याचा हात आपसूक गळ्याशी गेला. माझी जुळवलेली सगळी वाक्ये तिथेच संपली.

त्याच्या आईने पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा पुढे ठेवला. "बसा, पावणं. मारायला आलाय का न्यायला, ते आदी सांगा."

 मी खाली मान घालून बसलो. समोर हिरड्यांचे दोन ढीग होते. एक मोठ्या, पिवळसर फळांचा. दुसरा बारीक, काळ्याकुळकुळीत दाण्यांचा, बकरीच्या लेंड्यांसारखा. आमच्या घरी हिरडा येई तो वैद्याच्या पुडीतून, पूड होऊन. हे काळे काय असावे, मला खरोखरच कळेना. मी एक दाणा उचलला, आणि सहा महिन्यांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"व्हॉट इज धिस?"

त्याने वर पाहिले. किती तरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मला ठाऊक नाही, हे त्याला तिथे दिसले असावे.

"धिस... बेबी," तो म्हणाला.

"बेबी?"

"नो सीड." त्याने दगडाने एक काळा दाणा फोडून माझ्या हातावर ठेवला. आत बी नव्हती, म्हणजे हा कोवळा, बाळहिरडा. मग मोठा फोडला. "धॅट बिग. सीड."

"व्हाय ब्लॅक?"

त्याने आभाळाकडे बोट केले. "सन. फोर डे, फाइव्ह डे."

मी अंगणाबाहेरचे उंच झाड दाखवले. हे एवढ्या वरून कसे काढता, हे विचारायचे होते, पण माझेच इंग्रजी मोडून पडले. "हाऊ... अप?"

"आय अप," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "मदर डाऊन. मदर शाउट."

मी हसलो. तोही हसला. त्याची आई चुलीपासून उठून दारात आली. "बोलला का ह्यो? आन् ही कंच्या देवाची भाषा म्हनायची?"

सारे शब्द त्याच्यापाशी होते. वाचनमालेतले, फळ्यावरचे, इतरांच्या उत्तरांतले. गप्प बसून त्याने एकूण एक वेचले होते. आणि सहा महिन्यांत मी त्याला जे जे विचारले, त्यातले काहीच मला जाणून घ्यायचे नव्हते.

मग मला बोलता आले. मराठीत, आईच्या देखत, फळीबद्दल सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "कुठाय ती?"

"वर्गात. खुंटीला."

"मंग ती जाळा आदी. मी येतो."

जुन्नरला पोचल्यावर त्याच्या हातांनीच ती शाळेमागच्या चुलाणात गेली. दुसऱ्या दिवशी मी वर्गाला म्हणालो, "आजपासून मी फक्त मला ठाऊक नसलेलेच विचारीन. तुम्हीही एकमेकांना तसेच विचारा."  मग घाटघरचा उठला आणि कागदवाल्याच्या मुलाकडे वळला. "युवर फादर पेपर, फ्रॉम व्हॉट?"

"ओल्ड रोप! ओल्ड सॅक!"

"लाय!"

"नो लाय! कम माय हाऊस! सी!"

"सॅक ब्राउन. पेपर व्हाइट. हाऊ?"

"वॉश! मेनी वॉश! इन रिव्हर!"

मग कोणी कोणाला आवरेना. तेल्याच्या मुलाला बैलाचे डोळे का बांधता ते सांगावे लागले, सोनाराच्या मुलाला फुंकणीचे. अर्धवट वाक्ये, हातवारे, मधेच शीळ घालून दाखवणे. मी कोपऱ्यात उभा होतो. आपल्याला बोलता येत नाही, हे त्या तासात मी विसरून गेलो. मीही ओरडून प्रश्न विचारत होतो.

दार उघडले. हेडमास्तर, बगलेत हजेरीबुक. आठ दिवस कालच भरले होते.

"काय बाजार मांडलाय हा?"

मुले पटापट जागेवर बसली. मी पुढे झालो, पण माझ्याआधी घाटघरचा उभा राहिला.  तो आता गप्प झाला असता तर कायमचा झाला असता.

"सर, नॉट बाजार. टॉकिंग," तो म्हणाला. आणि कागदवाल्याच्या मुलाकडे बोट दाखवून, "धिस बॉय से, पेपर फ्रॉम सॅक. सर, यू नो?"

हेडमास्तरांनी बगलेतले हजेरीबुक उघडून पानांकडे पाहिले. अंगठ्याने पान चोळले. ते त्याच गावात पंधरा वर्षे राहिले होते आणि तिथल्याच कागदावर लिहीत आले होते.

"फ्रॉम सॅक?" ते हळूच म्हणाले. "रिअली?"

वीस मुले एकदम बोलू लागली. "वन बाय वन!" घाटघरचा त्यांच्यावर ओरडला, आणि हेडमास्तरांसाठी बाकावर सरकून जागा केली.