अर्ध्या विहिरीचा ताबा

मी तालुक्याच्या कोर्टात बेलीफ होतो. म्हणजे जज्जसाहेबांनी कागदावर जे लिहिलं, ते गावात जाऊन खरं करून दाखवायचं. समन्स द्यायची, जप्ती करायची, आणि सगळ्यात वैतागाचं काम म्हणजे ताबा द्यायचा. या नोकरीनं मला संशय मात्र पोटभर दिला. आजही कुणी दारात गेल्या गेल्या गोड बोलून चहाचं विचारलं, की मी आधी त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघतो. बायको म्हणते, "तुमचं डोकं आजून कोर्टातच हाय."

लोकांना वाटतं ताबा देणं सोपं. घर असेल तर सोपंच असतं: आतली माणसं बाहेर, दाराला कुलूप, किल्ली नव्या मालकाच्या हातात. गोदाम असेल तर पोती उचलून दाखवावी लागत नाहीत. किल्ली दिली म्हणजे माल दिला, असं कायदा मानतो. शेतात कूळ असेल तर त्याला हलवायचं नाही. वॉरंटाची नक्कल चिकटवायची, दवंडी द्यायची, की झाला ताबा. आम्ही त्याला कागदी ताबा म्हणायचो. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत तर दवंडीचीही पंचाईत होती. बौद्ध वस्तीतल्या लोकांनी गावकीची असली कामं कधीच सोडून दिलेली, आणि दुसरं कुणी डफ हातात घ्यायला तयार नसे. मग मीच गोडेतेलाचा रिकामा डबा काठीनं बडवायचो. कोर्टाचा हुकूम, आणि तो डब्यावर! पोरंटोरं हसायची आणि मी मनातल्या मनात शिव्या घालायचो.

तर अशातच माझ्याकडं अर्ध्या विहिरीचं वॉरंट आलं.

गाव राणीसावरगावच्या पलीकडचं. एका बौद्ध बाईच्या नवऱ्यानं, मिलिटरीतून पेन्शनीवर आल्यावर, तिथल्या एका बागायतदाराकडून तीन एकर शेत घेतलं होतं. रजिस्टर खरेदीखत होतं, आणि त्यात विहिरीतला अर्धा हिस्सा स्वच्छ लिहिलेला होता. पुढं नामांतराचं पेटलं, गावागावांत माणसं एकमेकांकडं तिरकं बघायला लागली, आणि ह्या बागायतदारानं विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरपेटीला कुलूप घातलं. "शेत इकलं, पाणी कुठं इकलं?" असं चारचौघांत म्हणायचा. डाव उघड होता. पाण्यावाचून शेत वाळलं की बाई आज ना उद्या कंटाळून मातीमोलानं ते त्यालाच परत देणार. नवरा कोर्टाचे हेलपाटे मारता मारता वारला. निकाल लागला तेव्हा बाई एकटी होती. तीन दिवस पाणी तिचं, तीन दिवस त्याचं, बाजारच्या दिवशी विहिरीला विसावा, आणि पेटीची एक किल्ली तिच्या हवाली, असा हुकूम होता.

मी गेलो तेव्हा तिचा गहू वीतभर आला होता आणि पहिल्या पाण्यासाठी खोळंबला होता.

बांधावर बागायतदार माझी वाटच बघत होता. धोतर पांढरं फेक, तोंडावर हसू. लिंबाखाली घोंगडी अंथरलेली, त्यावर चहाची किटली आणि पोह्यांचं ताट. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याच्याकडून काही काढून घ्यायला आपण आलोय, तो माणूस पोहे कशाला करील?

"तुमचं गाव कोनतं म्हनावं?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. "आरं तिच्या! मंग आपुन पाव्हनेच की! तुमच्या गावच्या पाटलाची लेक आमच्या चुलत्याकडं दिलीय."

झालं, नातं निघालं. पंच म्हणून त्यानंच आणलेले दोघं माना डोलवायला लागले. बाई दहा-बारा हात लांब, उन्हात उभी. तिला कुणी बस म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही, आणि हे मी लपवणार नाही.

किल्लीचा मोठा थाट झाला. कुलूप नवं कोरं. त्यानं आपल्या हातानं उघडलं, लावलं, आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी ती बाईच्या हातात दिली. बाई म्हणाली, "साहेब, एकडाव मोटार चालू करून बघा की."

"लाईन न्हाई ना," तो चटकन म्हणाला. "सकाळधरनं गेलीय."

त्याचा डावा हात मघापासून बंडीच्या खिशात होता. चहा एका हातानं पीत होता, पोहे एका हातानं खात होता, कुलूपसुद्धा एका हातानं लावलं होतं. मी ते बघितलं, आणि संशयही पुरता आला. पण ऊन लय होतं, चारची एसटी होती, आणि माणूस पाव्हणा निघाला होता. मी पंचनामा लिहिला. विहिरीची लांबी-रुंदी, मोटार, पेटी, कुलूप, आणि शेवटी 'किल्ली वादीच्या हवाली करून ताबा दिला. कोणाची तक्रार नाही.' पंचांनी सह्या केल्या. बाईचा हात धरून मी अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उठवला. चारची एसटी मिळाली.

आठ दिवसांनी बाई कोर्टाच्या व्हरांड्यात. किल्लीनं पेटी उघडली होती, पण आत फ्यूजच नव्हते. तिन्ही काढलेले. तिनं नवे आणून बसवले, तर दुसऱ्या दिवशी ते गायब. पेटीची दुसरी किल्ली त्याच्याकडं होतीच. गहू पिवळा पडत चालला होता.

आमच्या नाझरानं, म्हणजे सगळ्या बेलिफांच्या वरच्या साहेबानं, रजिस्टर उघडून बोट ठेवलं. "बाई, ताबा दिलेला आहे. तुझा अंगठा आहे. हुकमाच्या अंमलाची दरखास्त निकाली निघाली. आता नवा दावा लाव."

नवा दावा म्हणजे आणखी दहा वर्षं. बाईनं माझ्याकडं बघितलं. बरं झालं असतं दोन शिव्या घातल्या असत्या तर. त्या वर्षीचा तिचा गहू जळाला. माझ्या एका ओळीनं जळाला, हे मला पुरतं कळत होतं आणि मी मूग गिळून बसलो होतो.

पण बाई चिवट. तिच्या वकिलानं अर्ज दिला की खरा ताबा मिळालाच नाही, जुनी दरखास्त पुन्हा उघडा. आणि साक्षीला मला बोलावलं. आदल्या दिवशी बागायतदाराचा माणूस घरी येऊन गेला. काही मागितलं नाही, काही दिलं नाही. नुसता म्हणाला, "पाव्हनं, जे लिव्हलंय तेच सांगा, आनखी काय!" आणि खरंच होतं, तेच सांगायचं होतं. माझी सही होती. ती खोटी म्हणालो तर नोकरीवर गदा.

मी पिंजऱ्यात उभा राहिल्यावर जज्जसाहेबांनी स्वतःच विचारलं, "ताबा दिला, म्हणजे तुम्ही नेमकं काय दिलं?"

"किल्ली दिली, साहेब."

"ताबा म्हणजे ती वस्तू त्या माणसाला बिनआडकाठी वापरता येईल अशी हवाली करणं. तिला पाणी उपसता येत होतं का?"

"लाईन नव्हती, असं सांगितलं."

"कोणी सांगितलं ते विचारत नाही. तुमची खात्री होती का?"

इतकी वर्षं सगळ्या जगावर संशय घेतला. पंचांवर घेतला, पोह्यांवर घेतला, खिशातल्या हातावर घेतला. एका माणसावर मात्र कधी घेतला नाही, आणि तो पिंजऱ्यात उभा होता. बाई मागच्या बाकावर बसली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "लाईन होती. विहिरीकडं जाताना शेजारच्या रानातला पाट ओलांडावा लागतो. त्या पाटात पाणी चालू होतं. त्या रानातली मोटार आणि ही मोटार एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत. माझ्या चपला भिजल्या होत्या. चहा पिताना त्या ओल्याच होत्या."

कोर्टात कुणीतरी हसलं. बागायतदाराच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मला मेमो मिळाला, एक इन्क्रिमेंट गेलं, आणि नाझर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. पण जुना ताबा रद्द झाला आणि नव्यानं वॉरंट निघालं. दुसऱ्या किल्लीबद्दलही साहेबांनी सक्त हुकूम लिहिला: तिच्या तीन दिवसांत पेटीला हात लावला तर थेट तुरुंग.

पुढच्या रब्बीत मी पुन्हा त्या बांधावर गेलो. या खेपेला पंच मी बाहेरगावाहून नेले होते आणि खिशात फ्यूजची तार होती. लिंबाखाली घोंगडी नव्हती. बागायतदार हाताची घडी घालून उभा, दोन्ही हात दिसत होते.

बाईनं पेटी उघडली. फ्यूज जागेवर. बटण दाबलं, तर काहीच नाही.

"खरंच लाईन गेलीय," तो म्हणाला. "आईशप्पत."

मी शेजारच्या पाटाकडं गेलो. कोरडा ठाक. तरी मन मानेना. डीपीपर्यंत चालत गेलो, वर डोळे फाडून बघितलं, तिथल्या दोन शेतकऱ्यांना विचारलं. खरंच गेली होती. परत येऊन बसलो. चारची एसटी दूरच्या रस्त्यानं धुरळा उडवत निघून गेली. पंच कुरकुरायला लागले. बाई बांधावर बसून गव्हातलं गवत काढत होती.

साडेचारला मोटार घरघरली आणि पाइपातून पाण्याचा लोट आला. बाई उठली. कुदळ घेऊन पाटाच्या पुढं पुढं चालत गेली. जवळचे वाफे सोडून तिनं पाणी थेट शेताच्या खालच्या टोकाला नेलं.

एक पंच म्हणाला, "बाई, आलं की पानी. करा आता अंगठा, आमाला जाऊ द्या."

"आजून न्हाई," ती म्हणाली.

शेवटच्या वाफ्यात पाणी शिरलं, कडेपर्यंत भरलं. मग तिनं कुदळ टेकवली आणि मला हाक मारली.

"साहेब, हिकडं या. आसं न्हाई, पाटातनं या."

मी पाटात उतरलो. थंडगार पाणी घोट्याच्या वर आलं.

"चपला भिजल्या का?"

"भिजल्या."

"मंग लिव्हा."

मी बांधावर टेकून लिहिलं. ताबा दिला, वेळ, शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचलं, सगळं. मग पिशवीतून शाईचं पॅड काढून तिच्या पुढं धरलं.

तिनं पदराला हात पुसले, पॅड माझ्याकडं परत सारलं आणि माझ्या खिशातला पेन काढून घेतला. कागदावर सावकाश, एकेक अक्षर लावून, तिनं आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"मला सही येती," ती म्हणाली. "मागल्या बारीला तुमी इचारलंच न्हाई."