बायकोकडं नांदायला

आमच्या गावातून माणूस बाहेर पडायचा तो पुण्याच्या कंपनीत नाहीतर मिलिटरीत. कुणी कोर्टाच्या तारखेलाही जायचं, पण ते संध्याकाळच्या यष्टीनं परत यायचं. बायकोच्या मागं परमुलखात निघालेला मी पहिलाच. त्यामुळं गावानं माझी जेवढी चेष्टा केली तेवढी दुसऱ्या कुणाची केल्याचं मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर ती मला आवडली.

गाव आमचं बेंबळीच्या पुढं, कच्च्या सडकेवर. बायको धाराशिवच्या, म्हणजे कागदावर उस्मानाबादच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मेट्रननं तिला विलायतेतल्या नोकरीची वाट दाखवली आणि आमची लेक पाऊल टाकायला लागली त्या सुमाराला ती गेली. गावाच्या हिशेबी विलायतेत एकच गाव होतं, लंडन. ती राहायची त्या गावाचं नाव माझ्या जिभेला वळायचं नाही, म्हणून मीही लंडनच म्हणायचो.

मी दूध संस्थेचा सेक्रेटरी. बहात्तरच्या दुष्काळात शिवारं उघडी पडली, त्यानंतर संकरित गाई आल्या, गाईंच्या मागं संस्था आली आणि संस्थेच्या मागं माझी खुर्ची. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, फॅट काढायची. दुधात पाणी दिसलं की मी तोंडावर सांगायचो, चारचौघांत सांगायचो. स्वभावच तसा तिखट. म्हणून माझ्यावर दात धरून बसलेले गावात बरेच होते, आणि मी बायकोकडं निघालोय म्हटल्यावर त्या सगळ्यांना दिवाळीच झाली.

जायचं का ठरवलं ते सांगतो. लेकीला आईचा एक फोटो दाखवून आम्ही वाढवत होतो. ती त्याला भाकरीचा घास लावायची, झोपताना उशाला घ्यायची. एकदा शेजारच्या पोरीनं विचारलं, तुझी आई कुठंय? तर ही आत पळाली आणि फोटो घेऊन आली. मला ते बघवलं नाही. त्याच सुमाराला बायकोनं कळवलं की आता नवऱ्यानं आणि लेकरानं अर्ज केला तर चालतो. व्हिसा मिळाला तर घर एकत्र येणार होतं. नाही मिळाला तर एकतर तिची नोकरी सुटणार होती, नाहीतर पोरीची आई फोटोतच राहणार होती.

अर्ज करायचं ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संस्थेत चेअरमननी सगळ्यांसमोर विचारलं, "सेक्रेटरी, नांदायला निघालाव म्हणं?"

रांगेतल्या घागरी हसायला लागल्या. मी म्हणालो, व्हय, निघालोय. मग कुणी विचारलं सासू कशी आहे, कुणी म्हणालं पहिल्या पंचमीला माहेरी येणार का. एका म्हातारीनं तर पदराआड हसत सल्ला दिला की उलट बोलू नको, नवीन जागा आहे. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली की लोकांच्या लेकी रडत नांदायला जातात, तू निदान हसत निघालास.

अर्जाला लग्नाचा पुरावा लागत होता. आमचं लग्न दुष्काळाच्या सालातलं. सगळं गाव तलावाच्या कामावर खडी फोडत होतं, म्हणून लग्न कामाच्या सुट्टीच्या दिवशी धरलं. वऱ्हाडानं कामावरूनच हातपाय धुऊन यायचं असं ठरलं होतं आणि धुवायला पाणी नव्हतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि पातळ वरण झालं, संपलं. फोटो एकच, तोही मिलिटरीतून सुट्टीवर आलेल्या पाहुण्यानं काढलेला. त्यात मी ताठ उभा आहे आणि नवरीनं रीतीप्रमाणं मान इतकी खाली घातली आहे की पांढऱ्या पदराखाली भांग तेवढा दिसतो. चेअरमननी फोटो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले की ह्या पदराखाली कुणीबी असू शकतं. मग बौद्धाचार्यांनी लग्न लावल्याचं लिहून दिलं, सरपंचांनी शिक्का मारला, चेअरमननी संस्थेचाही मारला. दूध संस्थेच्या शिक्क्याचा लग्नाशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. शिक्का ठळक उठला होता.

मुंबईला वकिलातीत बोलावणं आलं. लेक लहान म्हणून आई सोबत निघाली. धाराशिवहून सोलापूर, सोलापूरहून रेल्वे, आणि आईनं बांधलेल्या धपाट्यांचा वास डबाभर. वकिलातीत मला आत घेतलं. आई लेकीला घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसली. दार उघडंच होतं.

समोर साहेब. उंच, गोरा, बोलायला मऊ, पण हसायचं नाही असं ठरवून आलेला. शेजारी मुंबईचा एक दुभाषी, अगदी पुस्तकी मराठी बोलणारा. लग्न खरं की कागदापुरतं, हे ताडायला प्रश्न सुरू झाले. घराला खोल्या किती, पाणी कुठून आणता, सौभाग्यवतींना जेवणात काय आवडतं? मी धडाधड सांगत गेलो. शेंगदाण्याची चटणी आणि शिळी भाकरी म्हटल्यावर साहेबानं ते लिहूनही घेतलं. मला वाटलं, जमलं.

मग त्यानं विचारलं, "घरी तुम्ही पत्नीला काय म्हणून हाक मारता?"

साहेबाला प्रश्न साधा वाटला असेल. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गडीसुद्धा आईबापासमोर बायकोचं नाव घेत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांच्या घरात आईबाप समोर नाहीत असा वेळ कधी यायचा? बाहेरच्यांशी बोलताना ती 'घरचे', लेक झाल्यावर 'पोरीची आई'. पण हाक? 

"हाक मारत न्हाय," मी म्हणालो.

दुभाष्यानं मान वर केली. "मग त्यांना बोलवायचं असेल तर?"

"खाकरतो."

दुभाष्यानं खालचा ओठ दाताखाली धरला. त्याच्या घरीही कुणीतरी खाकरत असणार, हे मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पण ते इंग्रजीत सांगायचं म्हणजे त्या बिचाऱ्याची परीक्षा होती. त्यानं शब्दांनी थोडी खटपट केली आणि शेवटी स्वतःच घसा खाकरून दाखवला. साहेबानं पेन खाली ठेवलं. त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता: तुमचा घसा बसलाय की तुम्ही तिला बोलावताय, हे तिला कसं कळतं?

आता मीही पेटलो. हा माणूस माझ्या संसारावर संशय घेतोय असं मला वाटलं आणि मी त्याला सगळं समजावून सांगायला बसलो. म्हणालो, तीन तऱ्हा आहेत. अंगणात मोठ्यानं खाकरलं तर पाव्हणे आलेत, पदर सावर. लांबवून खाकरलं तर ताट वाढ. आणि आखूड खाकरलं तर पाणी. साहेब म्हणाला, करून दाखवा. मी आखूड खाकरलो.

बाहेरच्या बाकावरून आईचा आवाज आला, "पाणी पाह्यजे व्हय रं?"

दुभाष्यानं तेही भाषांतर करून सांगितलं. साहेब तरीही हसला नाही. तो बराच वेळ लिहीत राहिला आणि मग म्हणाला की हेच प्रश्न तुमच्या पत्नीला तिकडं विचारले जातील, उत्तरं जुळली तर पुढं बघू. कधी विचारणार? याच आठवड्यात. म्हणजे माझं पत्र तिला मिळायच्या आधीच. तिच्या वसतिगृहाचा फोन नंबर तर माझ्याकडं नव्हताच.

परतीच्या वाटेवर माझ्या वाटचे धपाटे मी आईकडं परत दिले. आपणच आपल्या हातानं घाण केली असं मला वाटत होतं. ती तिकडं साहेबांच्या बायकांत वावरणारी, इस्त्रीच्या कपड्यात फिरणारी बाई. परक्या माणसासमोर ती कशाला सांगेल की माझा नवरा मला माणसासारखी हाकही मारत नाही? ती मानी आहे. ती म्हणणार, नावानं हाक मारतात, लाडानं मारतात. माझी अब्रू झाकायला तिनं एक शब्द इकडचा तिकडं केला की संपलं. आईला हे बोलून दाखवलं. ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तू खरं सांगितलंस का? मग गप बस. तीबी तुझ्याच घरात नांदलीया."

आईनं मला गप बस म्हटलं, पण स्वतः काही गप बसली नाही. दोन दिवसांत सगळी हकीकत गावभर झाली. मी संस्थेत शिरलो की रांगच्या रांग खाकरायची. चेअरमन आखूड खाकरून माझ्याकडं बघायचे आणि मी पाण्याचा तांब्या पुढं केला की सगळे पोट धरून हसायचे. ज्याचं दूध मी महिन्यापूर्वी परत केलं होतं, तोसुद्धा लांबवून खाकरला आणि म्हणाला, "ताट वाढा सेक्रेटरी." मला राग यायला हवा होता. पण त्या काळजीच्या दिवसांत तीच माणसं संध्याकाळी हळूच विचारायची, काही कळलं का? रोज विचारायची. 

मग पुन्हा बोलावणं आलं. तोच साहेब, तोच दुभाषी. साहेबापुढं टाईप केलेला कागद होता. त्यानं तो वाचला, माझ्याकडं बघितलं आणि दुभाष्यातर्फे सांगितलं की पत्नीचं म्हणणं असं, की नवरा हाक मारत नाही, खाकरतो.

माझा जीव भांड्यात पडला. पण तो कागद बाजूला ठेवेना. तुम्ही तीन तऱ्हा सांगितल्या होत्या, तो म्हणाला, त्यांनी चार सांगितल्या.

भांड्यात पडलेला जीव पुन्हा वर आला. मी मनातल्या मनात तिन्ही मोजल्या. पाव्हणे, ताट, पाणी. चौथी कुठली? मी म्हणालो, "मला तीनच म्हाईत हायत साहेब."

दुभाष्यानं कागद हातात घेतला आणि सावकाश मराठीत सांगायला सुरुवात केली. पाव्हणे, ताट आणि पाणी तिनंही तसंच सांगितलं होतं. आणि पुढं असं, की आमचं भांडण झालं की हे बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मग बऱ्याच वेळानं उंबऱ्याशी येतात आणि अगदी बारीक खाकरतात. पाणी नको असतं, जेवण नको असतं. त्याचा अर्थ, चुकलं माझं. पण ही तऱ्हा त्यांना विचारू नका. ती त्यांची त्यांनाच ठाऊक नाही.

मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही असा माझा समज होता. चारचौघांत मी तसं अभिमानानं सांगतही असे. आणि ही बाई इतकी वर्षं माझी माफी ऐकत होती, ती समजून घेऊन मला आत बोलावत होती, आणि तोंडावर एकदाही म्हणाली नव्हती. मला त्या खोलीत रडू आलं. वकिलातीत, साहेबासमोर, दूध संस्थेच्या सेक्रेटरीला. दुभाष्यानं मान वळवली.

साहेबानं विचारलं की हे खरं आहे का. मी म्हणालो, ती म्हणते म्हणजे आसंलच. तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि शिक्का ओढून घेतला.

गावानं मला वाजतगाजत पाठवलं. संस्थेच्या बायकांनी माझ्या उपरण्यात तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि हळकुंड टाकून लेकीसारखी ओटी भरली, चेअरमननी यष्टीपर्यंत माझी पेटी उचलली आणि आई म्हणाली, "नीट नांद. तिला तरास दिलास तर इकडं यायचं न्हाय." सगळी यष्टी हसली. मीही हसत होतो, पण धाराशिव मागं पडेपर्यंत मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

तिकडच्या विमानतळावर उतरलो तेव्हा लेक माझ्या खांद्यावर पेंगत होती. कठड्यापलीकडं माणसांची ही गर्दी, सगळ्यांचे कोट एकाच रंगाचे. तेवढ्यात मला ती दिसली. पाठमोरी. भलत्याच दाराकडं डोळे लावून उभी होती. मी खाकरलो. पण त्या थंडीच्या देशात जो तो खोकतच होता, माझं कोण ऐकणार? दुसऱ्यांदा खाकरलो तर एक गोरी म्हातारी वळून बघायला लागली.

तेव्हा मी तिला नावानं हाक मारली. जोरात, गायरानात मारतात तशी.

ती गर्रकन वळली. कानशिलापर्यंत लाल झाली, धावत कठड्याशी आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "हळू वो, लोकं बघायलेत."

लेक जागी झाली. तिनं एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि विचारलं की आत्ता म्हणालास ते कुणाचं नाव. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही पोरीला आईचा फोटो दाखवला होता, पण आईचं नाव आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी म्हणालो, तुझ्या आईचं. लेकीनं ते नाव हळूच म्हणून बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले.

तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि तोंड तिच्या मानेत खुपसलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "परत एकदा म्हणा की."