टिनांवरचे दगड

सकाळपासून मोबाइलवर सूचना येत होत्या, वादळ येणार, गारा पडणार. लेकरू आजोळी, नवरा तूर घेऊन चिखलीला गेलेला, फोन लागत नव्हता. घरात मी आणि खुबा मोडल्यापासून बाजेवर पडून असलेले मामाजी, म्हणजे माझे सासरे. गुरांसाठी साठवलेल्या कुटारावर ताडपत्री ओढली, वाळत घातलेल्या कुरडया उचलल्या, गॅस बंद केला. राहिले टिनांवरचे दगड.

आमच्याकडे छपराची टिनं उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवतात. मामाजींनी तर एकेक दगड पारखून नदीवरून आणलेला. पण टिन उडालं की दगड काही उडत नाही, तो सरळ खाली येतो, हे कोणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ! आणि खाली मामाजींची बाज.

"मामाजी, मी दगड काढते."

"हात लावू नको! त्या दगडाईनंच घर टिकलं."

"मंग तुम्ही तरी काकाजीकडं चला. स्लॅब हाये त्यांच्याकडं."

काकाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. समोरच राहतात, पण धुऱ्यावरून भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. शेतातला तो वीतभर बांध, त्याच्यापायी आमच्या लग्नातही ते आले नव्हते.

"मेलो तरी त्याच्या घरी जानार नाई."

"मंग मरा इथंच!" मी बोलून गेले. मला दिवस गेले होते तेव्हा, लोक हसले तरी, पाण्याचे हंडे स्वतः आणणारा माणूस हा. त्यांना काही झालं असतं तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं असतं?

लोणारच्या बाजूनं आभाळ काळंठिक्कर झालेलं. पदर खोचला आणि समोर गेले. काकाजी जेवायला बसलेले.

"काकाजी, धुरा तुम्हीच घ्या बाप्पा, पन माह्या मामाजीले उचला!"

ते खरकट्या हातानंच उठले.

मामाजींच्या अंगावर मी गोधडी टाकली. एकीकडून काकाजींनी, दुसरीकडून मी बाज उचलली.

"मले नाई यायचं तुह्या घरी!" मामाजी गोधडीतून ओरडले.

"तू कुठं येऊन राह्यला? मी नेऊन राह्यलो तुले."

गल्लीतच गारा सुरू झाल्या. काकाजींचं डोकं उघडं, दोन्ही हात बाजेत अडकलेले. त्यांनी बाज सोडली नाही की खाली टेकवली नाही.

आत जाऊन दार लावलं आणि आमची टिनं गेली. मागोमाग घरात दगड कोसळल्याचे आवाज, धाड धाड. 

मामाजींनी तोंडावरची गोधडी बाजूला सारली. मग त्यांना भावाच्या टकलावरून ओघळणारं रक्त दिसलं.

"इकडं ये बे. पाहू दे, लय लागलं का?"

काकाजी बाजेजवळ उकिडवे बसले आणि त्यांनी डोकं पुढं केलं.